१७,४७३ रुपयांत महिना: नाशिकमधल्या तिघांच्या घराच्या सहा महिन्यांच्या नोंदी

घर अंबड एमआयडीसीजवळ, भाड्याची एक खोली आणि स्वयंपाकघर. दोन मोठी माणसे, एक मूल (जानेवारी २०२५ मध्ये १४ महिन्यांचे). पगार एकच. पगारपत्रक असे: एकूण १९,५०० रुपये; त्यातून पीएफ १,६८०, ईएसआय (राज्य कामगार विमा) १४७, व्यवसाय कर २००. हातात १७,४७३. पगार दर महिन्याच्या ७ तारखेला. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण'चे १,५०० रुपये वेगळ्या खात्यात येतात, पण त्यांची तारीख ठरलेली नसते. म्हणून ते या हिशेबात धरलेले नाहीत. ते कुठे गेले ते त्या त्या नोंदीत आहे. काही नोंदींत नंतर घडलेलेही मागाहून जोडले आहे.

५ जानेवारी २०२५

डिसेंबरचा खर्च काढला. बँकेचे एसएमएस, यूपीआयची यादी आणि किराणा दुकानातली वही या तीन जागा चाळायला अडीच तास लागले. रोखीचा खर्च आठवून लिहिला, त्यामुळे तो कमीच धरला गेला असणार.

भाडे ४,५००. वीज १,२०३. सिलिंडर ८०६. दूध रोज एक लिटर, १,७९८. किराणा ३,६००. भाजी, फळे, अंडी २,१००. दोन मोबाइलचे रिचार्ज ५९८. पेट्रोल १,५००. डायपर १,३२०. फोनचा हप्ता १,४१७. मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेल्या कर्जाचा हप्ता २,९६०. दवाखाना आणि औषधे ७००. बाहेरचे चहा-नाश्ता ९००. बेरीज २३,४०२.

म्हणजे पगारापेक्षा ५,९२९ जास्त. त्यातले १,५०० योजनेच्या पैशातून गेले, १,५०० घरातल्या शिलकीतून (ती आता संपली) आणि २,९२९ किराणा दुकानाच्या वहीवर चढले. वहीवरची एकूण उधारी ३,३०० झाली.

अ‍ॅपच्या कर्जाचा हिशेब मुद्दाम इथे देतो. मंजूर ८,०००. प्रक्रिया शुल्क ६०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १०८, ते आधीच कापून हातात आले ७,२९२. परतफेड २,९६० चे तीन हप्ते, म्हणजे ८,८८०. तीन महिन्यांसाठी १,५८८ रुपये गेले. घेताना स्क्रीनवर फक्त हप्त्याचा आकडा मोठा दिसतो. 'हातात किती आले' आणि 'एकूण किती परत द्यायचे' हे दोन आकडे कागदावर शेजारी लिहिल्याशिवाय असे कर्ज घेऊ नका. शेवटचा हप्ता आजचाच होता, तो गेला.

६ जानेवारी

काल खात्यातून दोन हप्ते जायचे होते. अ‍ॅपचा २,९६० गेला, फोनच्या १,४१७ साठी शिल्लक उरली नाही, हप्ता बाउन्स झाला. बँकेने २९५ आणि कर्ज देणाऱ्याने ५९० लावले. एका दिवसात ८८५ रुपये, म्हणजे साधारण आठवडाभराच्या दूधभाजीचे पैसे.

कारण साधे आहे. हप्त्याची तारीख ५, पगाराची ७. महिन्याची शिल्लक सर्वांत कमी असते नेमकी तेव्हाच हप्ता येतो. काटकसरीच्या यादीत हे कुठेच दिसत नाही. खर्च किती, एवढेच आपण पाहतो. तो कोणत्या तारखेला येतो, हे पाहत नाही. आमच्या घरात आधी तारखा जुळवायला हव्या होत्या, भाजी त्यानंतर.

उपाय दोन. पहिला, हप्त्याची तारीख बदलून १० करण्याचा लेखी अर्ज. तो नाकारला गेला. दुसरा, शून्य शिल्लक चालणारे दुसरे बचत खाते. त्याचे एटीएम कार्ड घेतले नाही, यूपीआयला जोडले नाही. पुढच्या महिन्याच्या ५ तारखेचा हप्ता या महिन्याच्या ७ तारखेलाच तिथे टाकायचा आणि हप्ता त्याच खात्यातून जाईल असा बदल करून घ्यायचा. बदल लागू व्हायला १९ दिवस लागले, तेव्हा हे काम महिन्याच्या सुरुवातीलाच करा. तोटा असा की जानेवारीच्या एका पगारातून दोन हप्ते गेले: थकलेला आणि ५ फेब्रुवारीचा.

७ जानेवारी

पगार. खर्च लिहायला २२ रकान्यांची वही आखली होती. तीन दिवसांत कळले की 'शॅम्पू कशात लिहायचा' यावरच वेळ जातो आणि मग लिहिणेच सुटते. आता सहाच रकाने: ठरलेले (भाडे, वीज, गॅस, रिचार्ज), किराणा, रोजचे (दूध, भाजी, अंडी), मूल, गाडी, बाकी. रोज रात्री एक ओळ.

रोजच्या खर्चासाठी रोख पाकिटे केली. ३,९०० रुपये, चार आठवडे, पाकिटामागे ९७५.

४ फेब्रुवारी

पाकिटांची चूक उघडी पडली. चार आठवडे म्हणजे २८ दिवस. ७ जानेवारी ते ६ फेब्रुवारी ३१ दिवस होतात. चौथे पाकीट काल संपले, आणि ४, ५, ६ तारखेसाठी काहीच नाही. भाड्याच्या पैशातून ३६९ काढावे लागले.

नवी पद्धत: आधी दिवसाचा दर ठरवायचा, मग पाकीट भरायचे. दूध, भाजी, अंडी मिळून दिवसाला १२५. पहिली तीन पाकिटे सात-सात दिवसांची, ८७५ ची: ७ ते १३, १४ ते २०, २१ ते २७. चौथे २८ तारखेपासून पुढच्या ६ पर्यंत, आणि त्याचे दिवस दरवेळी मोजायचे. ३१ दिवसांच्या महिन्यात ते १० दिवसांचे होते, १,२५० रुपये. ३० च्या महिन्यात ९ दिवस, १,१२५. फेब्रुवारीत ७ दिवस, ८७५. हे पाकीट सर्वांत आधी भरा आणि डब्यात सर्वांत खाली ठेवा.

रिचार्जलाही हाच नियम लागतो. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज. दुसऱ्या फोनला घरी डेटा फारसा लागत नाही. तिथे कमी डेटाचा स्वस्त प्लॅन घेतला. दोन्ही मिळून आता महिन्याला ५०० च्या आसपास.

१२ फेब्रुवारी

नुकसानीची नोंद. १६ जानेवारीला पंचवटीच्या बाजार समितीतून २० किलो लाल कांदा आणला होता, २५ रुपये किलोने, ५०० रुपये. दारात ३५ होता, म्हणून २०० वाचतील असा हिशेब. आज निवडला तर ७ किलो गेला: काहींना कोंब, काही आतून पाणी सुटलेले. उरलेला १३ किलो ३८ रुपयांहून महाग पडला.

लाल कांदा साठत नाही. त्याची साल पातळ, मान जाड, आत पाणी जास्त. साठवायचा तो उन्हाळ कांदा, मार्च ते मे या काळात निघतो तो. नाशिकमध्ये राहून ही चूक व्हायला नको होती, पण 'घाऊक म्हणजे स्वस्त' एवढेच डोक्यात होते. लाल कांदा आठवड्याला दोन किलो, त्याहून जास्त नाही.

१४ फेब्रुवारी: वीज

डिसेंबरचे १२८ युनिट. २०२४-२५ च्या महावितरणच्या घरगुती दराने आकडेमोड अशी: पहिले १०० युनिट ४.७१ ने ४७१. पुढचे २८ युनिट १०.२९ ने २८८; वहन आकार (वीज पोहोचवण्याचा) सगळ्या १२८ युनिटांवर १.१७ ने १५०. स्थिर आकार १२८. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. एकूण १,२०३. आता हेच ९८ युनिटला करून पाहा: ८१७. तीस युनिट कमी झाले की ३८६ रुपये कमी. म्हणजे १०० च्या वरचे प्रत्येक युनिट करांसह १३ रुपयांच्या घरात पडते, तर १०० च्या खालचे सात रुपयांच्याही आत. (घरमालक सबमीटरवर एकच दर लावत असेल तर ही टप्प्यांची गणिते लागू नाहीत, तिथे फक्त एकूण युनिट पाहा.)

लक्ष्य १०० च्या आत राहणे. कोणते उपकरण किती खाते ते मीटरवरच कळते. मीटरचा लाल दिवा एका युनिटला किती वेळा लुकलुकतो ते मीटरवर छापलेले असते. सगळे बंद करून एकच उपकरण चालू ठेवायचे, दहा मिनिटे लुकलुक मोजायची आणि भागाकार करायचा.

सर्वांत मोठा खाणारा निघाला पाणी तापवायचा रॉड. १,५०० वॉट, रोज दोन बादल्या, प्रत्येकी ३५ मिनिटे. पाणी कढत करून मग त्यात गार मिसळले जात होते. ३५ मिनिटांना ०.८७ युनिट, दिवसाला पावणेदोन, महिन्याला ५२. आता बादलीत १८ लिटरची खूण केली आहे आणि मोबाइलवर २१ मिनिटांचा गजर लावला आहे. पाणी अंगावर घ्यायला जेवढे हवे तेवढेच तापते, काही मिसळावे लागत नाही. महिन्याला ३१ युनिट, २१ वाचले. पहिल्या आठवड्यात गजर ऐकूनही रॉड चालू राहिला, कारण बटण न्हाणीघराबाहेर आणि माणूस स्वयंपाकघरात. गजराचा फोन बटणाशेजारी ठेवायला लागल्यावर प्रश्न सुटला. घरात लहान मूल असेल तर रॉड चालू असेपर्यंत न्हाणीघराला बाहेरून कडी, आणि पाण्यात हात घालण्याआधी पिन सॉकेटमधून बाहेर. बटण बंद केले एवढ्यावर थांबू नका.

टीव्हीचा सेटटॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी दहा वॉट खात होता. महिन्याला सहा युनिट. दोन जुने बल्ब बदलले, त्यात तीन युनिट वाचले. एकूण तीस.

छापील बिल नको असे नोंदवल्यावर बिलामागे १० रुपये सूट मिळते.

१५ फेब्रुवारी: ईएसआय

पगारातून दर महिन्याला १४७ कापले जातात आणि तरी डिसेंबरमध्ये ७०० रुपये खासगी दवाखान्यात गेले. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असलेल्या कामगाराला, त्याच्या बायकोला आणि मुलांना राज्य कामगार विम्यातून तपासणी, औषधे आणि दाखल होऊन घ्यायचे उपचार मिळतात. कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५.

अडचण अशी की नोंदणीत फक्त कामगाराचे नाव होते. मुलाचे नाव घालायला दोन अर्धे दिवस गेले. पहिल्या दिवशी मुलाचा जन्मदाखला होता पण आधार नव्हते. दुसऱ्या वेळी आधारवरचे नाव आणि जन्मदाखल्यावरचे नाव वेगळे निघाले. घरून निघण्याआधी ही दोन्ही कागदे शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहा. नाव चढले की ई-पहचान पत्राची छपाई करून घ्या आणि जवळचा दवाखाना निवडा. मोठ्या कामासाठी सातपूरचे कामगार विमा रुग्णालय आहे.

आजारपणात पगार बुडला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के भरपाई मिळते. त्याला ईएसआयच्या डॉक्टरचाच दाखला लागतो, म्हणून ताप आला तरी पहिला फेरा तिथेच. दवाखान्याच्या वेळा ठरलेल्या असतात. रात्रीसाठी थर्मामीटर आणि मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरने लिहून दिलेले तापाचे औषध घरी ठेवले आहे.

लसी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात, मोफत. १६ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा आणि पोलिओचा बूस्टर. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत.

२३ फेब्रुवारी: डायपर

दिवसाला चार, अकरा रुपयांचा एक, महिन्याला १,३२०. आता डायपर फक्त रात्री आणि बाहेर जाताना. महिन्याला ४०० च्या आत.

जुन्या सुती धोतराचे आणि साडीचे आठ लंगोट शिवले. ते पुरले नाहीत. नाशिकच्या थंडीत जाड कापड वाळायला दीड दिवस लागतो. चौदा केले तेव्हा जमले. पावसाळ्यासाठी वीस लागतील. दुसऱ्या आठवड्यात मुलाला पुरळ उठले. कारण धुण्याची पावडर कापडात राहत होती. आता ओला लंगोट लगेच साध्या पाण्यात, दुसऱ्या दिवशी कमी पावडरने धुणे, मग स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळणे, आणि ऊन. कापड मऊ करणारे द्रव अजिबात नको. त्याने कापड पाणी शोषत नाही. लंगोटामुळे धुण्यात रोज २५ मिनिटे वाढतात. हे काम एकाच माणसावर पडले तर महिनाभरात सगळे पुन्हा डायपरवर येते, म्हणून सकाळचे धुणे आणि संध्याकाळचे वाळत घालणे वाटून घेतले आहे.

२ मार्च: किराणा

वहीवरची उधारी ६,२०० झाली आहे. जानेवारीची तूट तिथेच गेली. वहीवर माल घेतला की छापील किमतीने लागतो. तोच माल रोखीने दुसऱ्या दुकानात घेतला तर ३,६०० च्या यादीत २८० रुपये कमी होतात. पण उधारी असताना रोखीने दुसरीकडे जाणे बरोबर दिसत नाही. दुकानदारांशी स्पष्ट बोलून ठरवले: नवीन माल वहीवर नाही, योजनेचे पैसे येतील तसे सगळे उधारीत. फेब्रुवारी आणि मार्चचे हप्ते मार्चमध्येच आले, ३,००० फिटले.

तेलाची पिशवी उलटून वजन वाचा. एक लिटरची पिशवी ९१० ग्रॅमची असते. तशीच दिसणारी दुसरी ८५० ग्रॅमची. १४० ला ९१० ग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅमला १५.३८, १३४ ला ८५० ग्रॅम म्हणजे १५.७६. सहा रुपयांनी स्वस्त दिसणारी पिशवी महाग आहे. तेल महिन्याला चार पिशव्यांवरून अडीचवर आले. त्यासाठी ७ तारखेला अडीच पिशव्या एकदम काढून ठेवल्या आणि ओतण्याऐवजी पळीने मापायला सुरुवात केली.

आता इथली मोठी चूक. फेब्रुवारीत तूरडाळ दोन किलोवरून सव्वा किलो केली आणि त्या जागी बटाटा वाढवला. डाळीचे शंभरेक रुपये वाचले. त्याच महिन्यात बिस्किटे, फरसाण आणि बाहेरचा वडापाव यांत ३४० वाढले. दुपारच्या डब्यात भात आणि बटाट्याची भाजी असली की चारलाच भूक लागते. डाळ, शेंगदाणे, अंडी आणि मुलाचे दूध यांना हात लावायचा नाही, असे ठरवले. डाळ पुन्हा दोन किलो, शिवाय मटकी एक किलो. मोड आणली की एका वाटीच्या अडीच होतात. डब्यात उसळ गेली की बाहेरचा खर्च आपोआप उतरतो.

७ मार्च

पगार १७,३७३ आला. शंभर कमी. चूक नाही: फेब्रुवारीच्या पगारातून व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापतात. पुढच्या वर्षीसाठी कॅलेंडरवर लिहून ठेवले.

२३ मार्च: गहू

नवा लोकवन बाजारात आला. वर्षाचा गहू एकदम भरायला दीड क्विंटलच्या वर लागेल, तेवढे पैसे नाहीत. ५० किलो घेतला, ३० रुपयांनी, १,५००. महिन्याला १४ किलो दळण धरले तर साडेतीन महिने. दळणाचे किलोला सहा.

दोन दिवस गच्चीवर वाळवला आणि संध्याकाळी गरम असतानाच कोठीत भरला. आठ दिवसांनी झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब. पुन्हा सगळा काढून वाळवला, एक रविवार गेला. उन्हातून आणलेले धान्य रात्रभर पसरून गार करायचे आणि सकाळी भरायचे. थरांमध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला. ओला पाला ओलावा वाढवतो. पाऱ्याच्या गोळ्या रांगते मूल असलेल्या घरात आणूच नयेत.

९ एप्रिल: गॅस

काल सिलिंडर ५० रुपयांनी महागला, आता ८५६. जानेवारीत एक टाकी ३४ दिवस जात होती, म्हणजे रोज ४१८ ग्रॅम. आत्ताची ४६ दिवस गेली, रोज ३०९ ग्रॅम.

टाकी घेताना वजन करून घ्या. रिकाम्या टाकीचे वजन तिच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर लिहिलेले असते. त्यात १४.२ मिळवले की भरलेल्या टाकीचे वजन. १५.६ ची टाकी असेल तर २९.८ किलो भरली पाहिजे. टाकी आणणाऱ्याकडे काटा असतो, मागितल्यावर वजन करून द्यावेच लागते.

काय बदलले: आधी डाळ कुकरमध्ये मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या आणि भात वेगळ्या पातेल्यात. आता डाळ अर्धा तास भिजवून खालच्या डब्यात, तांदूळ वरच्या डब्यात, एकच कुकर. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग बारीक आचेवर आठ मिनिटे, बंद करून वाफ आपोआप जाऊ द्यायची. पहिले चार दिवस भाताचा लगदा झाला, कारण पातेल्याच्या सवयीने वाटीला तीन वाट्या पाणी. डब्यात दोनच वाट्या पुरतात. दूध दिवसातून तीनदा तापत होते, ते एकदा. बर्नरची भोके सुईने साफ केली. ज्योत पिवळी होती ती निळी झाली आणि भांडी काळी होणेही थांबले.

१३ एप्रिल: जे दर महिन्याला येत नाही

घराचा तोल इथे जातो. वर्षभराची यादी केली: गाडीचा विमा आणि पीयूसी, टायर, गावाला दोन खेपा, आहेर, दिवाळी, मुलाचे कपडे, पावसाळी जोडे, आणि मेअखेर खात्यातून जाणारा विमा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे ४३६ आणि प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे २०, दोघांचे मिळून ९१२. त्या वेळी खात्यात शिल्लक नसेल तर विमा चालू राहत नाही. एकूण १०,८०० निघाले, म्हणजे महिन्याला ९००.

या पैशासाठी मार्चमध्ये पोस्टात ३०० ची आरडी (दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव) उघडली होती. ती चूक झाली. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी बंद करता येत नाही. गाडीचा विमा नोव्हेंबरमध्ये भरायचा आहे, त्याला हे पैसे मिळणार नाहीत. फॉर्म भरताना मुदत वाचली नव्हती, फक्त व्याज पाहिले. ती आता मुलाच्या नावाने समजून चालू ठेवली आहे. वार्षिक खर्चासाठी बँकेत १२ महिन्यांची, ९०० ची वेगळी आरडी; कापण्याची तारीख ८.

२७ एप्रिल

उन्हाळ कांदा २५ किलो, १४ रुपयांनी, ३५०. मान वाळून बारीक झालेली, दोन पदरी कोरडी साल, मध्यम आकार. मोठा कांदा आधी सडतो. बटाट्यांपासून लांब, जाळीच्या पिशव्यांत, छताच्या हुकाला पाच-पाच किलो टांगला. दर रविवारी हात फिरवून मऊ लागेल तो आधी वापरायचा. मे महिन्यात अवकाळी पाऊस झाला तेव्हा दोन दिवस पंख्याखाली पसरला होता.

११ मे: पंखा

फोनचा शेवटचा हप्ता ५ तारखेला गेला. जुना पंखा ७५ वॉटचा, दिवसाला १६ तास, महिन्याला ३६ युनिट. नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) २८ वॉट, साडेतेरा युनिट. वाचतात साडेबावीस. १०० युनिटांच्या वर असाल तर महिन्याला ३०० रुपये, १०० च्या खाली असाल तर दीडशे. किंमत २,५५०. उन्हाळ्यात आपण १०० च्या वर जातो, म्हणून घेतला: सुटलेला हप्ता १,४१७, बाकी शिलकीतून.

बसवणाऱ्याने भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तसाच जोडून ठेवला. पंखा गुणगुणू लागला आणि वेग कमी-जास्त होऊ लागला. या पंख्याचा वेग रिमोटने बदलतो, त्याला रेग्युलेटर मधे नको. रेग्युलेटर काढून साधे बटण बसवले, ४० रुपये आणि एक फेरा. तसाच चालवला असता तर आतली सर्किटची पट्टी जळून हमीही गेली असती.

७ जून

किराणा दुकानातली वही कोरी झाली. मार्चमध्ये ३,०००, नंतर १,५०० दोनदा, आणि २०० रोख. दुकानदारांनी पान फाडून दिले.

६ जुलै: जूनच्या फेरीचा हिशेब

भाडे ४,५००. वीज ९४ युनिट, ७९०. गॅस (४६ दिवसांच्या हिशेबाने महिन्याचा वाटा) ५५८. दूध १,७४०. भाजी, फळे, अंडी १,९५०. किराणा २,९००. गव्हाचा महिन्याचा वाटा ४२०, दळण ८४. रिचार्ज ५००. पेट्रोल १,१०० (आठवड्यातून दोन दिवस शेजाऱ्यांच्या गाडीवर, आणि दर पंधरा दिवसांनी टायरमधली हवा). डायपर ४००. औषधे १५०. बाहेरचे ४००. बँकेची आरडी ९००, पोस्टाची ३००. एकूण १६,६९२. उरले ७८१.

कांद्याचे साडेअकरा किलो शिल्लक, दीड किलो गेला. गहू या आठवड्यात संपेल. आता जुन्या गव्हाला ३४ मागतात, पुढच्या मार्चपर्यंत महिन्याला १४ किलो त्याच भावाने धरावा लागेल, म्हणजे महिन्याला ५६ जास्त. लंगोट चौदाच आहेत, पाऊस सुरू झाला, सहा शिवायचे आहेत. योजनेच्या १,५०० साठी आता वेगळी नोंद: तीन महिन्यांच्या भाड्याइतके, १३,५०० होईपर्यंत दुसऱ्या खात्यात.

चौथे पाकीट उद्या भरायचे आहे. २८ जुलै ते ६ ऑगस्ट, १० दिवस, १,२५०.